हॅग्थॉर्पची दुसरी सातफेरी

ग्लेनिस ओल्डरशॉ चौदा वर्षांची असताना घंटा वाजवायला शिकावं म्हणून हॅग्थॉर्पच्या चर्चचा गोल जिना चढून वर गेली, तर तेव्हाच्या म्होरक्यानं, बॅगशॉनं, तिला दारातूनच परत पाठवलं. “मुलींचे केस दोरात अडकतात,” तो म्हणाला. ग्लेनिसनं त्याच आठवड्यात केस कानापर्यंत कापले आणि पुन्हा जिना चढली. बॅगशॉनं तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “स्कर्टही अडकतात,” तो म्हणाला. मग तिनं सायकल काढली आणि टेकडीपलीकडच्या गावातल्या मनोऱ्यात शिकायला सुरुवात केली. तिथं स्कर्टाचं कोणाला काही पडलेलं नव्हतं. त्यांना माणसं कमी पडत होती.

पुढे बॅगशॉ गेला, त्याचे सोबती म्हातारे झाले, आणि एका नाताळाला हॅग्थॉर्पच्या सहा घंटांपैकी जेमतेम दोन वाजल्या. तेव्हा पाद्रीबुवा स्वतः ग्लेनिसच्या दारात आले. ती तेव्हा मोज्यांच्या कारखान्यात यंत्रावर होती, दोन मुलं पदरात होती, आणि तरी ती ‘हो’ म्हणाली. कारखाना बंद पडला, ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, मुलं मोठी होऊन लांब गेली. मंगळवारची संध्याकाळ मात्र मनोऱ्याची ती मनोऱ्याचीच राहिली. शाळेच्या फाटकाशी, दुकानाच्या रांगेत, बसथांब्यावर, जो कोणी रिकाम्या हातांनी उभा दिसेल त्याला ती धरून वर न्यायची. निम्मे आठवड्यात पळून जायचे. उरलेल्यांतून तिनं आपली माणसं घडवली.

आणि तिला एकच गोष्ट हवी होती: सातफेरी.

सहा घंटा वेगवेगळ्या सातशेवीस क्रमांनी वाजू शकतात. एकही क्रम दोनदा न येता सगळेच्या सगळे वाजले की एक फेरी पुरी होते. अशा सात फेऱ्या, मध्ये न थांबता, दोर न सोडता, समोर कागद न ठेवता, सगळं डोक्यात ठेवून. जवळजवळ तीन तास लागतात. मधेच कोणी घसरला आणि सावरता आलं नाही तर तो सगळा वेळ पाण्यात. मनोऱ्याच्या भिंतीवर जुन्या सातफेऱ्यांच्या लाकडी पाट्या होत्या, सोनेरी अक्षरांत सहा-सहा नावं. पण प्रत्येक पाटीवर तीन-चार नावं बाहेरगावची. सहाच्या सहा माणसं हॅग्थॉर्पची, अशी पाटी एकही नव्हती. ग्लेनिस पाट्यांवरची धूळ पुसताना शेवटच्या पाटीखालची मोकळी जागाही पुसून घ्यायची.

दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात तिच्याकडे पहिल्यांदाच सहा माणसं तयार होती. ती स्वतः. क्लिफर्ड, वय वर्षं ऐंशी, खाणीतून निवृत्त, जिभेला हाड नाही. इंग्रम नवरा-बायको, ज्यांचं घरात एका गोष्टीवर एकमत होत नसे पण दोर हातात आले की श्वाससुद्धा एका वेळी घेत. डानुता, पोलंडची, वृद्धाश्रमात परिचारिका, सहा वर्षांपूर्वी ग्लेनिसनं तिला बसथांब्यावरूनच उचललेली. आणि एड्रियन पॉकलिंग्टन, गणिताचा मास्तर. क्रम बदलायची वेळ आली की मोठ्यानं हाक देण्याचं काम त्याचं. अख्खी रचना त्याच्या डोक्यात असायची.

यातल्या एकाचीही जागा घ्यायला गावात सातवा माणूस नव्हता. आणि डानुता ऑक्टोबर संपायच्या आत कायमची पोलंडला परत चालली होती.

“आमच्यामुळं का गं?” ग्लेनिसनं तिला एकदा सरळच विचारलं होतं. सार्वमताला दोन वर्षं उलटून गेली होती, आणि ग्लेनिसनं युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूनं मत दिलं होतं हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

“एका कारणानं कोणी घर हलवतं का?” डानुता म्हणाली. “आई थकलीय. नवऱ्याला तिकडं काम मिळालं. आणि दुकानात मला विचारतात, अजून इथंच का म्हणून. तीन झाली ना कारणं?”

आपल्या मताचा ग्लेनिसला पस्तावा नव्हता. कारखाना गेला तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं. गावची बस बंद झाली तेव्हाही नाही. त्या एका गुरुवारी मात्र विचारलं, आणि तिनं सांगितलं, आणि चक्क तिनं सांगितलेलं झालं. म्हणून तेच पुन्हा विचारा असं कोणी म्हणायला लागलं की तिचं डोकं फिरायचं. आणि म्हणणारा नेमका एड्रियन होता. पुन्हा मतदान व्हावं म्हणून तो दारोदार सह्या गोळा करत हिंडायचा. एकदा भर पबमध्ये त्यानं कागद पुढे केला तेव्हा ग्लेनिस सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, “हरलेलं पोर सोंगट्या पटावर फेकून देतं आणि म्हणतं, चला परत पहिल्यापासून. तसला रडका आहेस तू एड्रियन.” लोक हसले. एड्रियननं कागद घडी करून खिशात घातला. तेव्हापासून ग्लेनिसनं नियमच केला होता: मनोऱ्यात हवापाणी आणि घंटा, बाकी सगळं जिन्याखाली. मंगळवारी दोघं शेजारी उभे राहून वाजवायचे आणि खाली उतरल्यावर वेगवेगळ्या टेबलांशी बसायचे.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सातफेरी ठरली. पाद्रीबाई रोझलिंडनं गावात आधीच सांगून ठेवलं होतं, कारण तीन तास डोक्यावर घंटा म्हणजे सगळ्यांनाच गोड वाटतात असं नाही. दुपारी दोनला सहाजणांनी दोर धरले.

पहिल्या चार फेऱ्या अशा गेल्या की ग्लेनिसला वाटलं, आपण वाजवतच नाही, घंटाच आपल्याला घेऊन चालल्यात. पाचव्या फेरीत तिचा आणि क्लिफर्डचा ताल एका क्षणासाठी चुकला. एड्रियन ओरडला, दोघं सावरले, वादन पुढे गेलं. पण थोड्याच वेळात तिच्या लक्षात आलं की दोघांनी सावरताना जागा बदलल्या होत्या. ती क्लिफर्डच्या वाटेनं चालली होती आणि क्लिफर्ड तिच्या. कानाला काही वावगं लागत नव्हतं. सहाही घंटा सुरेख वाजत होत्या. फेरी संपता संपता तसाच आणखी एक धक्का बसला आणि दोघं आपापल्या वाटेला परत आले. एड्रियनला कळलं नाही. तिनं मान वर करून क्लिफर्डकडे पाहिलं, तर तो छताकडे पाहत होता.

शेवटी घंटा लहानीपासून मोठीपर्यंत ओळीनं वाजल्या, एड्रियन ओरडला, “थांबा!” आणि इंग्रमबाईनं नवऱ्याला सगळ्यांदेखत मिठी मारली, जे कोणी कधी पाहिलं नव्हतं.

पबमध्ये मालकानं पहिला पेला सगळ्यांना फुकट दिला. डुकराचं मांस भरून भाजलेली मोठी पाई कापली गेली. एड्रियन त्या दिवशी आपणहून ग्लेनिसच्या टेबलाशी येऊन बसला. “ग्लेनिस, पाटीला अक्षरं सोनेरीच ना?” तो म्हणाला.

ग्लेनिसनं पेला खाली ठेवला. “पाटी नाही होणार,” ती म्हणाली. “फेरी खोटी होती.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

“पाचव्यात मी नि क्लिफर्ड एकमेकांच्या जागी गेलो. बराच वेळ. जे क्रम यायचे होते ते आलेच नाहीत आणि झालेले परत आले.”

“क्लिफर्ड?” एड्रियननं विचारलं.

“माझं वय ऐंशी आहे,” क्लिफर्ड म्हणाला. “मला काल काय खाल्लं ते आठवत नाही.”

“क्लिफर्ड!” ग्लेनिस म्हणाली.

“हो रे बाबा, गेलो होतो. मी गप्प बसणार होतो. पोरीनं पन्नास वर्षं वाट पाहिली, म्हटलं घेऊ दे तिला.” त्यानं पाईचा तुकडा तोंडात टाकला. “पण ही घेईल तर शपथ.”

एड्रियनचा चेहरा लाल झाला होता. हाक देणाऱ्यानं अशी अदलाबदल पकडायची असते, आणि त्यानं पकडली नव्हती. “हे बघा,” तो म्हणाला, “शेवट नीट झाला. अख्ख्या गावानं ऐकलं. खाली उभ्या असलेल्या एकालाही फरक कळला नाही. झालं ते झालं, ग्लेनिस. पुढे जाऊ या.”

आधी इंग्रम हसला. मग बायको. मग क्लिफर्डला घास घशात अडकून ठसका लागला.

“झालं ते झालं?” क्लिफर्ड पाणी पिऊन म्हणाला. “मास्तर, हे आम्ही लिहून घेऊ का? तुमच्याच त्या कागदावर?”

“ते वेगळं आहे!”

“वेगळंच आहे,” ग्लेनिस म्हणाली. “मतदानात कोणी कोणाच्या जागी गेलं नव्हतं. मतं मोजली, एक बाजू जास्त निघाली, संपलं. इथं आम्ही चुकलो. तिथं फक्त तुला चाल आवडली नाही.”

“चाल आवडली नाही?” एड्रियन उभाच राहिला. “समजा मी तुम्हाला चुकीची रचना शिकवली असती. आपण सहाजणांनी ती बिनचूक वाजवली असती. एक धक्का नाही, एक चूक नाही. तरी ती फेरी खरी झाली असती का?”

रचनाच खोटी असेल तर वाजवणाऱ्याचा हात कितीही साफ असला तरी फेरी खोटीच, हे ग्लेनिसनंच त्याला पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

“नाही,” ती म्हणाली.

“मग लोकांना आधी जे सांगितलं गेलं तेच खोटं असेल तर?”

“खोटं दोन्हीकडचे बोलले. आणि आम्ही काय दूधपीती बाळं होतो? मला जे माहीत होतं ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं.”

“तुम्ही दोघं किती सुखी आहात,” डानुता मधेच म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले, कारण ती पबमध्ये फारशी बोलत नसे. “एकदा विचारायचं की दोनदा, यावर भांडताय. मला एकदाही विचारलं नाही. मी फक्त घंटा वाजवते.” तिनं पेला संपवला. “ती मात्र मला खरी वाजवून जायचीय. मी बावीसला जाणार, सोमवारी.”

तेराच्या शनिवारी चर्चमध्ये लग्न होतं, म्हणजे उरला एकच शनिवार, वीस तारखेचा. आणि वीस तारखेला लंडनमध्ये दुसऱ्या मतदानासाठी मोर्चा होता. पंचक्रोशीतून जाणारी बस एड्रियननंच ठरवली होती. ग्लेनिसनं त्याला काही विचारलं नाही. पबचं दार उघडून तो निघून गेला.

रविवारी प्रार्थना संपल्यावर ग्लेनिस पाद्रीबाईंकडे गेली. “एकवीसला,” ती म्हणाली. “रविवारी दुपारी.”

रोझलिंडबाई जेवणाचं टेबल पुसत होत्या. “शनिवारी का नाही?”

“शनिवारी माझा एक माणूस कामात आहे.”

रोझलिंडबाईंना कोणता माणूस आणि कसलं काम ते ठाऊक होतं. त्या हसल्या नाहीत हे त्यांचं मोठेपण. “माझी ना नाही,” त्या म्हणाल्या. “पण गावाला मी वर्षातून एकदाच तीन तास वाजवू असा शब्द दिलाय. तो एकदा झाला. दुसऱ्यांदा हवं असेल तर मनोऱ्याजवळच्या घरांना तुम्हीच विचारा.”

म्हणून त्या आठवड्यात ग्लेनिस, जिनं जन्मात कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं, घरोघरी जाऊन दारं वाजवायला लागली.

पहिलंच दार म्युरिएल टॅन्स्लीचं. म्युरिएल शाळेपासूनची मैत्रीण, मतदानाला दोघी बरोबर गेलेल्या.

“परत?” म्युरिएल म्हणाली. “अगं, झाली ना तुमची सातफेरी! मी तुझ्या नावानं शेरी प्यायले.”

“ती खोटी होती.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते.”

“मला तर छान वाटली. अख्ख्या गावानं ऐकली. आता तुला निकाल पसंत नाही म्हणून आम्ही पुन्हा तीन तास कानात बोळे घालायचे?”

हे शब्द ग्लेनिसनं कुठंतरी ऐकले होते. ऐकले कसले, तिनंच बोललेले होते. “पसंतीचा प्रश्न नाही गं,” ती सावकाश म्हणाली. “ती बरोबर झाली नाही. मला ठाऊक आहे ती बरोबर झाली नाही, आणि ते ठाऊक असताना मी पाटी लावू शकत नाही.”

“आणि परत चुकली तर? मग तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा नाही विचारणार.”

“असंच म्हणतात सगळे,” म्युरिएल म्हणाली. पण म्हणाली, वाजव.

पुढच्या दारात एक तरुण बाप तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन उभा होता. बाळ दुपारीच झोपतं, तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहून ग्लेनिसला पुढे बोलवेना. तरी ती बोलली. शेवटी ठरलं की त्या दुपारी बाळाची आई त्याला घेऊन बहिणीकडे जाईल आणि बाप एकटा, कानात बोळे घालून, स्वतः झोपेल. तिसऱ्या घरात एक निवृत्त डॉक्टर राहत. त्यांच्या खिडकीत दुसऱ्या मतदानाचा निळा फलक लावलेला होता. तिनं काय हवं ते सांगितलं तसे ते दाराच्या चौकटीला टेकले आणि त्यांनी तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं, निव्वळ मजा म्हणून.

“म्हणजे, मिसेस ओल्डरशॉ, पहिली वेळ ग्राह्य धरायची नाही?”

“घंटांची.”

“फक्त घंटांची.”

“डॉक्टर, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. मला अजून पुष्कळ दारं आहेत.”

“हो,” डॉक्टर म्हणाले. “एक सांगू? तुमच्या पॉकलिंग्टनला मी पावसात याच पायरीवर उभं पाहिलंय. त्याच्या तोंडावरही हेच भाव होते.”

एकानं तिच्या तोंडावर दार लावलं. एक म्हातारी तिला घंटांबद्दल सोडून बाकी सगळ्याबद्दल तासभर सांगत बसली. आठवडा संपला तेव्हा ग्लेनिसच्या टाचा दुखत होत्या, आणि अनोळखी दारासमोर उभं राहून आपल्याला पटलेली गोष्ट मागायला काय लागतं ते तिला आता ठाऊक झालं होतं. पण एकवीस तारीख तिच्या हातात होती.

ती एड्रियनच्या घरी गेली. तो गाडीच्या मागच्या भागात फलक भरत होता.

“रविवारी दोन वाजता,” ती म्हणाली. “शनिवारी तू जाऊन ये.”

त्यानं फलक खाली ठेवला. “माझ्यासाठी रविवार मागितलात तुम्ही?”

“सहावा माणूस कुठून आणू मी?” मग ती म्हणाली, “ऐक. सही मी करणार नाही. आत्ताही नाही, पुढेही नाही. माझं मत मी एकदा दिलंय आणि ते खरं होतं. पण तुला रडका म्हणाले होते चारचौघांत. ते चुकलं. तुला वाटतं रचना खोटी होती, तर तू विचारायलाच हवंस. तुझ्या जागी मीही विचारलं असतं.”

एड्रियननं फलक पुन्हा हातात घेतला. “आणि पाचव्या फेरीत माझं लक्ष नव्हतं,” तो म्हणाला. “शनिवारच्या बसचा विचार करत होतो. तेही चुकलंच.”

“माहीत आहे मला,” ग्लेनिस म्हणाली. “फलक उलटा धरलायस.”

रविवारी तो मनोऱ्यात आला तेव्हा त्याच्या पायाला फोड आले होते आणि घसा पार बसला होता. तोंडातून हवा आणि थोडीशी खरखर, एवढंच बाहेर पडत होतं.

“सगळा आवाज लंडनला देऊन आलास?” क्लिफर्ड म्हणाला. “आम्हाला काय हाका चिठ्ठीवर देणार?”

“चिठ्ठी चालत नाही,” इंग्रम म्हणाला.

“माहितीय मला. थट्टा करतोय.”

इंग्रमबाईनं पर्समधून घशाच्या गोळ्या काढून दिल्या. एड्रियननं एक तोंडात टाकली, दोर धरला, आणि कुजबुजत म्हणाला, “तुम्हाला ऐकावं लागेल.”

आणि त्यांनी ऐकलं. ग्लेनिसनं आयुष्यात पुष्कळ वादनं केली होती, पण इतके कान देऊन कधी केलं नव्हतं. घंटांच्या मधल्या फटीतून ती खरखर यायची, आणि पाचजण तिच्याकडे असे झुकायचे जसं थंडीत लोक शेकोटीकडे झुकतात. क्लिफर्ड तोंडातून शब्द काढत नव्हता. पाचवी फेरी आली. ग्लेनिसला स्वतःच्या तळहाताखालची दोरावरची लोकरी मूठ ओली लागली. जिथं मागच्या वेळी घसरले होते ती जागा जवळ येत गेली, आणि क्लिफर्डनं या खेपेला छताकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत आपापल्या वाटेनं ती जागा ओलांडून गेले.

सहाव्या फेरीत डानुताच्या गालावरून घाम की काय ते ओघळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तिची घंटा मात्र एका केसानंही हलली नाही. सहा वर्षांपूर्वी बसथांब्यावर तिला “हात रिकामे आहेत का?” असं विचारलेलं ग्लेनिसला आठवलं, आणि तिला त्या हातांचा असा अभिमान वाटला की क्षणभर स्वतःच्या दोराची भीती वाटली. तिनं लक्ष परत आणलं.

सातवी फेरी. मग सहाही घंटा एकामागोमाग एक, लहानीपासून मोठीपर्यंत, जशा पहिल्या क्षणी वाजल्या होत्या तशा. एड्रियननं “थांबा” म्हणायला तोंड उघडलं, आवाज आलाच नाही, तरी सगळे थांबले.

कोणी दोर सोडला नाही. कोणी मिठी मारली नाही. पाचजण ग्लेनिसकडे बघत होते. तिनं डोळे मिटले आणि पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत जे जे जाणवलं होतं ते पुन्हा एकदा मनातून काढून पाहिलं. घाई केली नाही.

“खरी,” ती म्हणाली.

मग इंग्रम नवरा-बायको ओरडले, क्लिफर्ड बाकावर बसून राहिला, आणि एड्रियन डानुताला काहीतरी सांगत होता जे त्या दोघांशिवाय कोणाला ऐकू गेलं नसतं. डानुता हसत मान हलवत होती. ग्लेनिसनं आपला दोर खुंटीला नीट गुंडाळला आणि सगळ्यांच्या आधी जिना उतरली.

खाली भिंतीशी म्युरिएल कोट गुंडाळून उभी होती.

“काय, झाली का या खेपेला?”

“झाली.”

“मला तर बाई काही फरक कळला नाही. तशीच वाटली.”

“मला कळला,” ग्लेनिस म्हणाली, आणि ताठ मानेनं तिच्या हातात हात घालून पबकडे चालू लागली.